औषध चुकलं, आता ते कागदावर कसं आणायचं? वॉर्डात नव्याने आलेल्यांसाठी

वॉर्डात नव्या मुली आल्या की पहिल्या आठवड्यात मी त्यांना एक प्रश्न विचारते. "चुकीचं इंजेक्शन दिलंस, पेशंट ठणठणीत आहे, कुणी बघितलं नाही. काय करशील?" बहुतेक जणी जमिनीकडे बघतात. एकीने खरं सांगून टाकलं होतं, "मॅडम, देवाला नारळ फोडीन." मला हसू आलं, कारण नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत माझंही उत्तर तेच असतं.

हा लेख त्या मुलींसाठी, ब्रदर्ससाठी, फार्मसीच्या काउंटरवर नुकत्याच उभ्या राहिलेल्या फार्मासिस्टसाठी आणि इंटर्न डॉक्टरांसाठी आहे. नारळ फोडायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. चूक कळवायचा फॉर्म मात्र भरायचा. तो कसा भरायचा, कुणाला द्यायचा, त्यात काय लिहायचं नाही आणि भरून झाल्यावर काय मागायचं, एवढंच इथे सांगते.

आधी एक जुनी गोष्ट, कारण पुढे तिचा उपयोग आहे.

एका हॉस्पिटलात मी पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात होते. तिथे एक आजोबा होते, पायाला जखम आणि साखर हाताबाहेर गेलेली. व्हायलमधलं इन्सुलिन, २० युनिट, सकाळी आणि रात्री जेवणाआधी. साखर काही केल्या ३०० च्या खाली येईना. डॉक्टरांनी डोस वाढवून २४ केला, मग ३०. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाआधी आमच्या एका सिस्टरने ३० युनिट दिलं. पहाटे तीनला आजोबा घामाने निथळत होते, असंबद्ध बोलत होते, साखर ४४. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज दिलं आणि आजोबा सावरले. सकाळी त्या सिस्टरच्या हातात मेमो पडला: चोवीस तासांत लेखी खुलासा करावा.

तिने डोस बरोबर दिला होता. खरं तर त्या तीन दिवसांत बरोबर डोस देणारी ती एकटीच. गडबड कुठे झाली हे मला कळलं होतं आणि मी चार दिवस गप्प बसले. काय झालं होतं ते शेवटी सांगते, तोवर तुम्ही ओळखून बघा.

चूक कशाला म्हणायचं

नव्या लोकांना वाटतं, औषधाची चूक म्हणजे सिस्टरच्या हातून झालेली चूक, कारण शेवटची सही तिची असते. पण औषध पेशंटपर्यंत येताना बरेच हात लागतात. डॉक्टर लिहितात, कुणी ते ट्रीटमेंट शीटवर उतरवतं, फार्मसी देते, वॉर्डात ते विरघळवलं जातं, मग दिलं जातं, आणि दिल्यावर लक्ष ठेवायचं असतं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर, टाळता आलं असतं असं काही बिघडलं, की ती चूक. डोस द्यायचा राहून गेला तरी चूक, दोनदा दिला तरी चूक.

रिॲक्शन वेगळी. पेशंटला पेनिसिलिन पहिल्यांदाच दिलं आणि अंगावर गांधी उठल्या, तर ती रिॲक्शन. त्याच्या फाइलवर लाल शाईने 'पेनिसिलिन ॲलर्जी' लिहिलेलं असताना दिलं, तर चूक. दोन्हींची नोंद होते, पण रस्ते थोडे वेगळे आहेत. ते पुढे येईल.

काही चुका इतक्या ठरावीक आहेत की त्या तुमच्या वॉर्डात आज ना उद्या दिसतीलच. लहान मुलांचं पॅरासिटामॉल घ्या. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, १२५ च्या सिरपमध्ये पाच मिलीला १२५, म्हणजे मिलीला २५. आईला नुसतं "अडीच मिली द्या" असं सांगितलं आणि घरात ड्रॉप्सची बाटली असली, तर बाळाला चौपट औषध गेलं. रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनच्या पाच मिलीच्या दोन व्हायल मिळतात. एकीत मिलीला १००० युनिट, दुसरीत मिलीला ५०००. पहिलीत एकूण ५००० होतात, दुसरीत २५,०००. घाईत डोळ्याला तेवढा '५०००' हा आकडा दिसतो. सांधेवाताला दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं आणि माणसं ते रोज घेतात, कारण घरातल्या बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. डोपामिन आणि डोब्युटामिन ही सारख्या नावांची जोडी तर आयसीयूत शेजारी शेजारीच नांदते.

पहिली दहा मिनिटं पेशंटची

चूक लक्षात आली की फॉर्म शोधायला पळू नका. सलाइनमधून औषध चालू असेल तर ते थांबवा, पण व्हेन, म्हणजे शिरेत लावलेली नळी, काढू नका, ती पुढे लागणार आहे. नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन बघा आणि इन्सुलिनचा विषय असेल तर लगेच साखर. मग ड्युटीवरच्या डॉक्टरांना फोन करा आणि पहिल्याच वाक्यात चूक सांगा. "सर, बेड बाराचा पेशंट जरा अस्वस्थ वाटतोय" असं म्हणालात तर ते राउंड संपवून येतील. "सर, बेड बाराला हेपरिन पाचपट गेलंय, दहा मिनिटांपूर्वी" म्हणालात तर जिन्यावरून धावत येतील.

काही औषधांवर उतारा असतो आणि तो कुठल्या कपाटात आहे हे ड्युटीच्या पहिल्या दिवशीच बघून ठेवा. हेपरिनवर प्रोटामिन, मॉर्फिन-फेंटॅनिलवर नॅलॉक्सोन, पोटॅशियम वाढलं तर कॅल्शियम ग्लुकोनेट. द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. शोधाशोधीत वेळ जाऊ नये, एवढं तुमच्या हातात आहे.

कचऱ्यात काही टाकू नका

ही पायरी जवळजवळ प्रत्येकाची चुकते. घाबरलेला माणूस आधी आवरायला घेतो. रिकामी ॲम्प्यूल निळ्या डब्यात, इन्सुलिनची सिरिंज पांढऱ्या डब्यात, खोका केराच्या बादलीत, आणि दहा मिनिटांत सगळा पुरावा बायोमेडिकलच्या गाडीत. मावशी बिचाऱ्या त्यांचं काम चोख करतात.

तेव्हा एक किडनी ट्रे घ्या. ॲम्प्यूल, व्हायल, सिरिंज, तिचं टोपण, औषधाचा खोका, चिकटवलेलं लेबल, सगळं त्यात ठेवा. सुया असतील तर पंक्चर न होणारा डबा वापरा. वर पट्टी चिकटवून तारीख, वेळ आणि बेड नंबर लिहा आणि ट्रे इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात कुलपात ठेवा. बॅच नंबर आणि एक्स्पायरी तिथल्या तिथे लिहून घ्या. फोटो काढायचा तर हॉस्पिटलच्या परवानगीने आणि हॉस्पिटलच्याच फोनवर. 'आपला वॉर्ड' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो गेला, तर औषधाची चूक बाजूला राहील आणि पेशंटची माहिती बाहेर गेल्याचं दुसरं प्रकरण उभं राहील.

फाइलमध्ये काय लिहायचं

पेशंटच्या फाइलमध्ये जे झालं तेच लिहायचं: काय दिलं, किती दिलं, केव्हा दिलं, पेशंटला काय झालं, कुठल्या डॉक्टरांना किती वाजता कळवलं, त्यांनी काय सांगितलं, पुढे काय केलं. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि वेळ टाका. व्हाइटनर लावू नका. गिरवू नका. पान फाडून नवं लावणं हा तर सगळ्यात वाईट मार्ग आहे. पुढे वकिलाला त्या फाइलमध्ये पहिल्यांदा काही दिसणार असेल तर तेच.

फाइलमध्ये मत लिहू नका. 'स्टाफच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द फाइलमध्येही नकोत आणि फॉर्ममध्येही नकोत, स्वतःबद्दल लिहितानासुद्धा. आणि 'इन्सिडन्ट फॉर्म भरला आहे' असा उल्लेख आम्ही फाइलमध्ये करत नाही. फाइल उपचाराची असते आणि फॉर्म हॉस्पिटलच्या सुधारणेचा, दोन कागद वेगळे ठेवलेले बरे.

फॉर्म

आता मुख्य काम. प्रत्येक हॉस्पिटलचा फॉर्म निराळा असतो. कुठे कागदी, कुठे संगणकावर, काही ठिकाणी इन्चार्जच्या ड्रॉवरमधली एक जुनी वही. छोट्या नर्सिंग होममध्ये काहीच नसेल तर कोरा कागद घ्या. ड्युटी संपायच्या आत भरा. घरी जाऊन, झोपून, दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या फॉर्ममध्ये आपलं मन गोष्ट थोडी सरळ करून टाकतं, हे मी स्वतःवरून सांगते.

माझ्याकडे आलेला एक फॉर्म असा होता:

"सिस्टरने लक्ष न दिल्यामुळे चुकीचे इंजेक्शन दिले गेले. सिस्टरला समज देण्यात आली आहे. यापुढे काळजी घेतली जाईल."

तीन वाक्यं. यातून कुठलं इंजेक्शन, कशाऐवजी, किती, हे काहीच कळत नाही. हा फॉर्म कपाटात गेला आणि महिन्याभराने तीच चूक दुसऱ्या वॉर्डात झाली. त्या मुलीला परत पाठवलं, चहा दिला आणि म्हटलं, आता मला गोष्ट सांगितल्यासारखं लिही. तिने लिहिलं:

"रात्री २.१०. बेड ७ ला ऑन्डॅन्सेट्रॉन ४ मिग्रॅ शिरेतून द्यायचं होतं. ट्रॉलीच्या दुसऱ्या कप्प्यातून ॲम्प्यूल घेतली, ती रॅनिटिडिनची निघाली. दोन्ही ॲम्प्यूल २ मिलीच्या, तपकिरी काचेच्या, लेबलची अक्षरं एकाच रंगाची. संध्याकाळी नवा माल भरताना दोन्ही एकाच कप्प्यात ठेवल्या गेल्या होत्या. कप्प्यावरचा दिवा बंद आहे, इंडेंट (मागणीचा कागद) आठ दिवसांपूर्वी दिलं आहे. वॉर्डात तेव्हा २८ पेशंट आणि दोन स्टाफ. इंजेक्शन दिल्यावर रिकामी ॲम्प्यूल टाकताना नाव वाचलं तेव्हा कळलं. डॉ. ना २.२० ला कळवलं. पेशंटला त्रास नाही, सकाळपर्यंत दर तासाला बघितलं."

हा फॉर्म वाचून कुणालाही तीन कामं सुचतील: कप्पे वेगळे करा, दिवा लावा, खरेदीवाल्याला विचारा की दोन औषधं एकसारख्या ॲम्प्यूलमध्ये का घेतली. पहिल्या फॉर्मवरून एकच काम सुचतं, सिस्टरला रागवा.

म्हणजे फॉर्ममध्ये हे यायला हवं. वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने, किंवा रात्र की दुपार हे स्पष्ट लिहून. काय लिहिलं होतं आणि प्रत्यक्षात काय गेलं, दोन्ही. औषधाचं जेनेरिक नाव, ब्रँड, ताकद, बॅच. कसं लक्षात आलं, कारण पुढच्या वेळी चूक कुठे पकडता येईल हे त्यातूनच कळतं. आजूबाजूला काय चाललं होतं: किती पेशंट, किती स्टाफ, ॲडमिशन चालू होती का, फोनवर ऑर्डर घेतली होती का, अक्षर वाचता येत होतं का. डॉक्टरांच्या अक्षराबद्दल लिहायला संकोचू नका. औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, हे त्यांच्या कौन्सिलच्या नियमात २०१६ पासून आहे. 'युनिट'साठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहिलं आणि ते शून्य वाचलं गेलं, तर चार युनिटचे चाळीस होतात. असा कागद दिसला की त्याची झेरॉक्स जोडा.

पेशंटचं नाव फॉर्मवर लागेल तेवढंच, बहुतेक ठिकाणी रजिस्ट्रेशन नंबर पुरतो. स्टाफची नावं शक्यतो नकोत, हुद्दा लिहा.

अ ते झ नव्हे, ए ते आय

फॉर्मच्या खाली बऱ्याचदा चुकीचा वर्ग लिहायची एक चौकट असते आणि नवीन माणूस तिथे अडखळतो. ही वर्गवारी अमेरिकेतल्या औषधचुकांच्या राष्ट्रीय समन्वय परिषदेने १९९६ मध्ये केली, आपल्याकडची पुष्कळ हॉस्पिटलं तीच वापरतात. केसीएल, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं उदाहरण घेऊन पाठ करा. त्याच्या दहा मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ती पातळ न करता झटक्यात शिरेत गेली तर हृदय थांबू शकतं.

केसीएल आणि डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्यूल एकाच ट्रेमध्ये ठेवलेल्या दिसल्या: वर्ग ए. अजून चूक झालेली नाही, व्हायला जागा आहे. पाणी समजून केसीएल सिरिंजमध्ये भरलं, पण टोचण्याआधी लेबल वाचलं: बी. सलाइनच्या बाटलीत ठरल्यापेक्षा जास्त गेलं, पण पेशंटला काही झालं नाही: सी. काही झालं नाही ना हे बघायला ईसीजी आणि रक्त तपासावं लागलं: डी. तात्पुरता त्रास झाला आणि उपचार करावे लागले तर ई, हॉस्पिटलातला मुक्काम वाढला तर एफ. कायमची इजा जी, जीव वाचवायला धावपळ करावी लागली तर एच, मृत्यू आय.

वर्गावरून भांडत बसू नका. सी की डी यात शंका असेल तर जास्त गंभीर तो, म्हणजे डी, लिहा, हॉस्पिटलची औषधांची समिती बदलेल.

जी पेशंटपर्यंत पोचली नाही, ती आधी लिहा

ए आणि बी हे माझे आवडते वर्ग आहेत. कुणाला इजा नाही, नातेवाईक नाहीत, रडारड नाही, आणि शिकायला मात्र तेवढंच मिळतं. तरी हेच सर्वांत कमी लिहिले जातात, कारण "काही झालंच नाही, मग कशाला?"

आमच्या ओळखीच्या एका हॉस्पिटलात एनएबीएचची, म्हणजे हॉस्पिटलांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, तपासणी होती. औषधचुकांचं प्रमाण हा त्यांच्या गुणवत्ता-निर्देशकांपैकी एक आहे, तेव्हा तो आकडा दाखवावाच लागतो. तिथल्या मंडळींनी मोठ्या अभिमानाने शून्य दाखवलं. तपासणीला आलेल्या बाईंनी विचारलं, "सहा महिन्यांत एकही नाही? मग तुमच्याकडे औषधं देतात की नाही?" हजारो डोस दिले जाणाऱ्या ठिकाणी शून्य आला तर समजायचं, कुणी लिहीत नाही. आकडा पहिल्या वर्षी वाढला तर प्रशासनाने घाबरू नये, हे मी मीटिंगमध्ये दरवेळी सांगते आणि दरवेळी कुणीतरी घाबरतं.

नव्या माणसाने पहिल्या महिन्यात एक तरी ए किंवा बी लिहावाच. तुमची नजर ताजी असते. सारख्या दिसणाऱ्या दोन ॲम्प्यूल तुम्हाला खटकतात, आम्हाला त्यांची सवय झालेली असते.

कागद जातो कुठे

हॉस्पिटलात: इन्चार्ज सिस्टर, तिथून क्वालिटी विभाग किंवा क्लिनिकल फार्मासिस्ट, मग औषधांची समिती. सरकारी रुग्णालयात मेट्रन आणि अधीक्षकांमार्फत. इन्चार्जने फॉर्म हातात धरून "राहू दे गं" म्हटलं, तर क्वालिटीच्या पेटीत टाका. नाव न घालता टाकता येतो का, हे आधी विचारून ठेवा.

औषधाने पेशंटला प्रत्यक्ष त्रास झाला असेल, तर हॉस्पिटलबाहेरही कळवायचं असतं. त्यासाठी भारत सरकारचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. त्याचं राष्ट्रीय केंद्र आधी दिल्लीच्या एम्समध्ये होतं, २०११ पासून ते गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. मेडिकल कॉलेजांच्या फार्माकोलॉजी विभागात त्याची देखरेख केंद्रं असतात. मुंबईचं केईएम तर हा कार्यक्रम यायच्या कितीतरी आधीपासून या कामात आहे. जवळच्या कॉलेजच्या फार्माकोलॉजीत जाऊन विचारा, तिथले निवासी डॉक्टर फॉर्म भरायला आनंदाने मदत करतात. ते शक्य नसेल तर १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक आहे, कामाच्या दिवशी ऑफिसच्या वेळेत. चार गोष्टी तरी हव्यातच: पेशंटची आद्याक्षरं आणि वय, झालेला त्रास आणि त्याची तारीख, संशयित औषध, कळवणारा कोण. बाकी रकाने रिकामे राहिले म्हणून फॉर्म अडवून ठेवू नका. पेशंटला किंवा नातेवाइकाला स्वतः कळवायचं असेल तर त्यांच्यासाठी वेगळा सोपा फॉर्म आहे, मराठीतसुद्धा.

सिरिंज पंप उलटसुलट वेगाने चालला, तर तो विषय उपकरणांचा. त्यासाठी २०१५ पासून वेगळा कार्यक्रम आहे आणि तोही गाझियाबादहूनच चालतो. बाटलीत कचरा दिसला, गोळीचा रंग बदललेला दिसला, तर ते औषध बाजूला काढून फार्मसीमार्फत राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

नातेवाइकांना कोण सांगणार

तुम्ही एकट्याने नाही. उपचार करणारे डॉक्टर आणि इन्चार्ज बरोबर हव्यात, आणि कॉरिडॉरमध्ये उभं राहून नको, बसून. "आजींना काल रात्री इन्सुलिन ठरल्यापेक्षा जास्त गेलं. त्यामुळे साखर उतरली. ग्लुकोज दिलं आहे, आता साखर १४० आहे. कसं झालं ते आम्ही शोधतोय, कळलं की तुम्हाला सांगू. आम्हाला वाईट वाटतंय." एवढं पुरे. 'टेक्निकल इश्यू' असले शब्द वापरलेत की समोरच्याचा विश्वास तिथेच संपतो. आणि कारण कळायच्या आत कुणाचं नाव घेऊ नका, स्वतःचंही नाही.

भीती

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत, नॅशव्हिलला, एका नर्सने मशिनच्या कपाटातून झोपेच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारं व्हेक्युरोनियम काढलं आणि पेशंट दगावली. तिने चूक स्वतः कबूल केली होती. २०२२ मध्ये तिच्यावर गुन्हा सिद्ध झाला, शिक्षा म्हणून तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं. त्यानंतर जगभरच्या नर्सेस म्हणू लागल्या, मग सांगायचं कशाला? त्या प्रश्नाला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. त्या मशिनचा इशारा ओलांडून औषध काढायची तिथे किती सवय पडली होती, यावरही खटल्यात बोललं गेलं, एवढं मात्र लक्षात ठेवा. लपवलेल्या चुकीत ती सवयसुद्धा लपते.

आपल्याकडे अशा अंतर्गत फॉर्मला संरक्षण देणारा वेगळा कायदा नाही, अमेरिकेत २००५ पासून आहे. म्हणूनच वर सांगितलं की फॉर्ममध्ये घडलेलं लिहा, निवाडा लिहू नका. औषधदक्षतेच्या सरकारी फॉर्मवर मात्र छापलेलंच असतं की कळवणं म्हणजे कुणी दोष कबूल केला असं होत नाही, आणि माहिती गोपनीय राहते. फौजदारी जबाबदारीसाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सांगितलं. तो खटला डॉक्टरांचा होता, पण नर्सच्या वकिलालाही तो माहीत असतो.

मेमो आलाच तर तोंडी भांडू नका. फॉर्मचीच भाषा वापरून उत्तर लिहा, वेळा घाला, प्रत स्वतःकडे ठेवा.

फॉर्म दिल्यावर

पंधरा दिवसांनी क्वालिटीच्या मॅडमकडे जा आणि विचारा, "माझ्या फॉर्मचं काय झालं?" बहुतेक लोक हे करत नाहीत आणि मग म्हणतात, लिहून उपयोग नाही. उत्तर "स्टाफला सूचना दिल्या" असं आलं, तर काही झालेलं नाही असं समजा. सूचना त्या दिवशी ड्युटीवर असणाऱ्यांपुरती टिकते. पोस्टर थोडं जास्त टिकतं. दोघांनी मिळून तपासायचा नियम त्याहून बरा, पण रात्री दुसरा माणूस मिळतोच असं नाही. सगळ्यात पक्कं काम म्हणजे चूक करायची सोयच काढून टाकणं. केसीएल वॉर्डातून काढून फार्मसीत ठेवलं की पाणी समजून ते कुणी भरूच शकत नाही. तेव्हा फॉर्मच्या शेवटी 'सुचवलेला बदल' या रकान्यात असलं काहीतरी लिहा. तो रकाना रिकामा सोडलात तर समिती तिथे 'काळजी घ्यावी' लिहून मोकळी होते.

आता ती जुनी गोष्ट, फॉर्मवर

ओळखलंत? भारतात व्हायलमधलं इन्सुलिन बहुधा मिलीला ४० युनिटचं असतं आणि त्याच्या सिरिंजचं टोपण लाल. मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीच्या सिरिंजचं टोपण नारिंगी. चार दिवसांनी मी इन्चार्जकडे गेले आणि तोंडी सांगितलं. फॉर्म तेव्हा नव्हता. आज भरायचा झाला तर असा भरीन:

"मेडिसिन वॉर्डातल्या लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या होत्या, इंडेंट दोनदा परत आलं. नातेवाइकाला बाहेरून आणायला चिठ्ठी दिली, त्यावर 'इन्सुलिन सिरिंज' एवढंच लिहिलं होतं. मेडिकलवाल्याने नारिंगी टोपणाच्या दिल्या. व्हायल ४० ची. नारिंगी सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत भरलं, म्हणजे प्रत्यक्षात ८ युनिट. डोस ३० केल्यावर १२. साखर उतरली नाही म्हणून डोस वाढत गेला, सिरिंज कुणी बघितली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाल सिरिंज आल्या, ३० युनिट खरोखर ३० गेलं. पहाटे ३.०० ला साखर ४४. वर्ग ई. कसं लक्षात आलं: पेशंटच्या लॉकरवर नारिंगी टोपण दिसलं. सुचवलेला बदल: इन्सुलिन सिरिंज बाहेरून आणायला सांगू नये. फार्मसीने व्हायल आणि तिची सिरिंज एकाच पाकिटात द्यावी. चार्टवर डोसशेजारी टोपणाचा रंग लिहायला रकाना ठेवावा. कळवणारी: स्टाफ नर्स. नातेवाइकाला दिलेली चिठ्ठी मी लिहिली होती."